उन्हाळ्यात कुटुंबासह माउंटन बायकिंग: सगळ्यात लहान सायकलस्वाराच्या मापाने आखायची सहल

उन्हाळ्याच्या सुटीत अख्खे घर सायकली घेऊन मातीच्या वाटेवर निघते, यासारखा आनंद दुसऱ्या कुठल्या सहलीत मला तरी मिळालेला नाही. पण हीच सहल तासाभरात लालबुंद चेहरे, रडारड आणि ढकलत परत आणलेल्या सायकली यांवर संपलेलीही मी पाहिली आहे, आणि त्यांपैकी एक सहल माझ्याच कुटुंबाची होती. त्या दिवशी वाट सोपी होती, सायकली नीट होत्या, पाणीही भरपूर होते. आम्ही मात्र निघालो साडेनऊला, आणि अंतर ठरवले होते ते मोठ्यांच्या दमावर. निघाल्यापासून अखंड बडबड करणारी माझी सात वर्षांची मुलगी एका लांबलचक चढावर गप्प झाली, आणि तिचे गप्प होणे मला दहा मिनिटांनी लक्षात आले. तोवर तिला मळमळू लागले होते. सावलीत बसून, पाणी पिऊन ती तासाभरात सावरली. पण तेव्हापासून मी कुठलीही उन्हाळी सहल दोनच गोष्टींच्या मापाने आखतो: बरोबरचा सगळ्यात लहान सायकलस्वार आणि त्या दिवसाचे ऊन. या लेखातील प्रत्येक पायरी याच दोन मापांवर बेतलेली आहे. वाट, अंतर, सामान, निघण्याची वेळ हे सगळे त्यांच्यामागून येते.

पायरी 1: मुलाची सायकल आधी बघा, स्वतःची नंतर

ही पायरी सहलीच्या आदल्या रात्री नव्हे, तर निदान दोन-तीन आठवडे आधी करावी. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून एक माप मोठी घेतलेली सायकल सपाट रस्त्यावर निभावून जाते; खडबडीत उतारावर मात्र तिच्यावर मुलाचा ताबा राहत नाही. मुलांच्या सायकलींची मापे चाकाच्या व्यासावरून सांगितली जातात. चार ते सहा वर्षांच्या मुलांना साधारणपणे 16 इंची, त्यानंतर आठ-नऊ वर्षांपर्यंत 20 इंची आणि पुढे 11-12 वर्षांपर्यंत 24 इंची चाके बसतात. वयापेक्षा पायांची लांबी अधिक महत्त्वाची आहे. सायकलीच्या वरच्या दांडीवर पाय टाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवून उभे राहिल्यावर दांडी आणि जांघ यांमध्ये किमान 5 सेंटिमीटर अंतर उरले पाहिजे.

वजनाचाही विचार करा. 25 किलोच्या मुलाखाली 12 किलोची सायकल म्हणजे 70 किलोच्या माणसाने जवळजवळ 34 किलोची सायकल डोंगरावर चढवण्यासारखे आहे. लहान मुलांच्या स्वस्त सायकलींना लावलेला पुढचा सस्पेन्शन फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के शोषणारा दांडा) बहुतेक वेळा इतक्या हलक्या स्वाराच्या वजनाखाली दबतच नाही. तो फक्त वजन वाढवतो. त्याऐवजी साधा फोर्क, रुंद टायर आणि टायरमध्ये योग्य तेवढीच हवा यांचा मुलाला कितीतरी अधिक उपयोग होतो.

आता ब्रेककडे वळू, कारण बहुतेक पालक नेमके हेच तपासत नाहीत. मुलाला सायकलवर बसवा, हात नेहमीसारखे हँडलवर ठेवायला सांगा आणि त्याच्या तर्जनीकडे जवळून बघा. बोटाचे शेवटचे पेर ब्रेकच्या लिव्हरवर सहज वळत असेल तर ठीक. पण लिव्हर गाठण्यासाठी बोट ताठ होत असेल, किंवा मनगट वळून तळवाच पुढे सरकत असेल, तर हे मूल उतारावर ब्रेक दाबताना हँडलवरची पकड सोडणार, हे निश्चित समजा. बहुतेक लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो. तो ॲलन कीने किंवा स्क्रूड्रायव्हरने फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. फिरवल्यानंतर ब्रेक पूर्ण दाबून पाहा: लिव्हर हँडलला टेकण्यापूर्वी चाक घट्ट अडले पाहिजे. पाच मिनिटांच्या या कामामुळे घाबरणारे मूल उतारावर निर्धास्त झालेले मी पाहिले आहे. त्याची भीती स्वभावातली नव्हती; त्याचे बोट पोहोचत नव्हते.

सीटच्या उंचीबाबत सायकल दुकानात सांगितला जाणारा नियम, म्हणजे पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा, हा चढासाठी आणि सपाटीसाठी बरोबर आहे. उतारावर सीट चार-पाच सेंटिमीटर खाली घ्यावी, म्हणजे शरीर सायकलवर मोकळेपणाने हलू शकते. अगदी नवख्या मुलाची सीट मात्र दोन्ही पायांची बोटे जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीवर असू द्या. आपण कधीही पाय टेकवू शकतो, या भरवशावरच ते मूल धीट होते. दोन्ही उंचींवर सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करून ठेवली, तर वाटेत पुन्हा माप काढावे लागत नाही.

पायरी 2: हेल्मेट

हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्यावर असेल, मोठ्यांच्याही. याला अपवाद नाही. विकत घेताना ईएन 1078 किंवा सीपीएससी यांसारख्या मानकाची खूण आत छापलेली आहे का, ते पाहावे. घालताना तीन गोष्टी बघा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांच्या अंतरावर असावी, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्ही अक्षरासारख्या जुळाव्यात, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एक-दोन बोटे जावीत. मुलाने मोठा आ वासला की हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढले गेले पाहिजे. उन्हाळ्यात घामामुळे पट्टा काचतो म्हणून मुले तो सैल करतात, तेव्हा प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा तपासा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतला फेस दबून आघात शोषतो आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. आणि विश्रांतीच्या वेळी मुले झाडावर चढू लागली, तर हेल्मेट आधी काढायला लावा. ते फांदीत अडकले तर पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो.

बोटे झाकणारे हातमोजे, पुढचा भाग बंद असलेले बूट आणि सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट एवढे कपडे पुरतात. गुडघ्यांची आणि कोपरांची पॅड नवख्या मुलांना जरूर घाला, पण लांब चढावर ती काढून पिशवीत ठेवा, कारण त्यांच्याखाली उष्णता कोंडते. धूळ आणि चिलटांपासून डोळे वाचवण्यासाठी साधा चष्माही उपयोगी पडतो.

पायरी 3: मोकळ्या मैदानावर चार हालचालींचा सराव

डोंगरवाट ही शिकवण्याची जागा नव्हे. चार हालचाली आधी मैदानावर पक्क्या होऊ द्या. पहिली म्हणजे उभे राहण्याची: पॅडल मारणे थांबवून दोन्ही पॅडल एका पातळीत आणायचे, सीटवरून किंचित उठायचे, गुडघे आणि कोपरे वाकवायची, टाचा थोड्या खाली दाबायच्या. सायकल खालून हलते आणि शरीर वर स्थिर राहते, हा अनुभव मुलाला एकदा आला की अर्धे काम झाले. दुसरी नजरेची: चाकापुढच्या दगडाकडे न पाहता जिथे जायचे तिकडे, सात-आठ मीटर पुढे पाहायचे. तिसरी गिअरची: चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकायचा, कारण पॅडलवर पूर्ण जोर असताना बदललेला गिअर चेन खेचून अडकवतो.

चौथी ब्रेकची, आणि इथे थोडे थांबायला हवे. सायकल थांबवण्याचा बहुतांश जोर पुढच्या ब्रेकमध्ये असतो, कारण थांबताना वजन पुढच्या चाकावर येते. त्यामुळे "पुढचा ब्रेक दाबू नकोस" ही घराघरांत दिली जाणारी सूचना मुलाला अधिक धोक्यात टाकते. शिकवायचे ते असे की, दोन्ही ब्रेक एकाच वेळी, एकेका बोटाने, हळूहळू जोर वाढवत दाबायचे आणि तेव्हा शरीर मागे न्यायचे. सुट्या खडीवर वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा. मैदानावर एक रेघ आखून त्या रेघेवर अचूक थांबण्याचा खेळ घेतला, तर मुले हे अर्ध्या तासात आत्मसात करतात. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नये, तर दाबून सोडावा, म्हणजे त्याला थंड व्हायला अवसर मिळतो. या खेळाच्या आरंभीच्या काळातली एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. 1976 साली कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून उतरवण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्या उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की त्यातले ग्रीस जळून जायचे आणि नंतर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून ते पुन्हा भरावे लागायचे. त्या उताराला "रीपॅक" हे नाव त्यावरूनच पडले. आजचे डिस्क ब्रेक कितीतरी सुधारलेले आहेत, पण उतरल्यावर डिस्कला बोट लावले तर आजही चटका बसतो, हे मुलांना आधीच बजावून ठेवा.

पायरी 4: वाट निवडणे

आखून दिलेल्या ट्रेलवर अनेक देशांत रंगांच्या खुणा असतात. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था 1988 साली स्थापन झाली. तिच्या पद्धतीत हिरवे वर्तुळ सोप्या वाटेचे, निळा चौकोन मध्यम वाटेचा आणि काळा हिरा अवघड वाटेचा. हिरव्या वाटेची रुंदी साधारण 90 सेंटिमीटर किंवा अधिक, पृष्ठभाग घट्ट आणि सरासरी चढ 5 टक्क्यांपर्यंत असतो. पहिल्या दोन-तीन सहली हिरव्याच वाटेवर करा. खुणा नसतील तिथे याच आकड्यांची कसोटी लावा: एक किलोमीटरमध्ये 50 मीटरपेक्षा जास्त उंची चढावी लागत असेल, तर ती वाट लहान मुलांसाठी नाही.

अंतराचा माझा अंदाज असा आहे. नवख्या सहा-सात वर्षांच्या मुलासाठी मातीच्या वाटेवर पाच किलोमीटर पुरे होतात. दहा वर्षांच्या, सराव असलेल्या मुलाला दहा ते पंधरा किलोमीटर झेपतात. डांबरी रस्त्यावर मूल किती जाते, यावरून हिशेब करू नका, कारण सुट्या मातीवर तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त श्रम लागतात. अंतरापेक्षा वाटेची रचना मला महत्त्वाची वाटते. आधी चढ आणि परतताना उतार असेल, तर दमलेले मूल उताराच्या जोरावर घरी येते. उलट रचना असेल, तर सगळ्यात मोठा चढ सगळ्यात कडक उन्हात आणि सगळ्यात दमलेल्या पायांनी चढावा लागतो. मोठे वर्तुळ करणाऱ्या वाटेपेक्षा गेलो तसे परत येता येईल अशी वाट निवडा, म्हणजे कुठूनही मागे फिरता येते. शक्य असेल तर एका मोठ्याने आधी एकट्याने ती वाट फिरून सावली कुठे आहे, पाणी कुठे आहे, फोनला रेंज कुठे नाही, हे पाहून ठेवावे.

अगदी लहान भावंड बरोबर असेल, तर एक वर्षाखालच्या बाळाला सायकलवर नेऊच नये. मान आणि पाठ तेवढे हादरे सोसण्याइतकी तयार झालेली नसते. त्याहून मोठ्या बाळासाठी मागे जोडायची गाडी रुंद, सपाट कच्च्या रस्त्यापुरती ठीक आहे, खडकाळ वाटेवर नाही. एका मोठ्याने बाळासोबत पायी फिरायचे आणि ठरल्या जागी सगळ्यांनी भेटायचे, ही विभागणी मला अधिक सुखाची वाटते.

पायरी 5: उन्हाचा हिशेब

मुलांच्या शरीराच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की हाच फरक त्यांच्यावर उलटतो आणि बाहेरची उष्णता वेगाने आत येऊ लागते. शिवाय खेळाच्या भरात तहान लागली तरी मूल स्वतःहून थांबत नाही.

यात सायकलीचा म्हणून एक वेगळा फसवा भाग आहे. उतारावर ताशी 20 किलोमीटरने जाताना अंगावर वारा येतो, घाम लगेच सुकतो आणि उकडतच नाही असे वाटते, पण पाणी शरीरातून जातच असते. चढावर याच्या नेमके उलटे होते: स्नायू सर्वाधिक उष्णता तयार करत असतात आणि वेग ताशी पाच-सहा किलोमीटरवर आल्यामुळे वारा जवळजवळ थांबलेला असतो. म्हणून उष्णतेचा त्रास बहुतेक वेळा चढावर, तोही वरच्या टोकाजवळ सुरू होतो. वाट आखताना मोठा चढ सकाळच्या पहिल्या तासात किंवा दाट सावलीत येईल असे पाहावे.

निघायचे ते उजाडताच. सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात अतिनील किरणे सर्वांत तीव्र असतात, तेव्हा दहापर्यंत सायकली गाडीवर चढलेल्या असाव्यात, हा आमच्या घरातला नियम आहे. अतिनील निर्देशांक 3 किंवा त्याहून अधिक असेल, तर किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन निघण्यापूर्वी लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. मानेची मागची बाजू, कान आणि गुडघ्यांच्या मागचा भाग हमखास राहून जातो. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून हंगामातली पहिली सहल नेहमीच्या निम्म्या अंतराची ठेवा.

डोंगराळ भागात उन्हाळ्यातल्या दुपारी ढग झपाट्याने जमतात. मेघगर्जना ऐकू आली की उघडा माथा आणि एकटे झाड सोडून खाली उतरावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे तरी पुन्हा वर जाऊ नये.

पायरी 6: पाणी आणि खाणे

नऊ ते बारा वर्षांच्या मुलाने श्रम करताना दर 20 मिनिटांनी 100 ते 250 मिलिलिटर पाणी प्यावे, असा अंदाज धरला जातो; किशोरवयीन मुलांना तासाला एक ते दीड लिटरही लागू शकते. म्हणजे दोन तासांच्या सहलीसाठी दहा वर्षांच्या मुलामागे एक ते दीड लिटर, आणि त्यावर अर्धा लिटर राखीव. सायकलला लावलेल्या बाटलीपेक्षा पाठीवरची नळीची पिशवी मुलांना सोयीची पडते, कारण हात न सोडता पिता येते. पण ती लहान घ्या: दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, आणि 25 किलोच्या मुलाच्या पाठीवर ते जास्त होते. लहान मुलाकडे अर्धा लिटर द्या, बाकीचे मोठ्यांनी वाहावे. आदल्या रात्री पिशवी अर्धी भरून आडवी ठेवून गोठवली आणि सकाळी वरून पाणी भरले, तर ते बराच वेळ थंड राहते.

तासाभराच्या आतल्या सहलीला साधे पाणी पुरते. त्याहून अधिक वेळ घाम गाळायचा असेल, तर घामाबरोबर गेलेले मीठही भरून काढावे लागते. खारवलेले दाणे, केळी, सुकामेवा असे थोडे थोडे, दर पाऊण तासाने द्या. चॉकलेट वितळते, क्रीमची बिस्किटे घशात अडकतात. जलसंजीवनीची दोन पाकिटे मात्र प्रथमोपचाराच्या पेटीत कायम असू द्या. ती नसतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रमाण काटेकोर पाळावे, कारण जास्त मीठ मुलांना अपायकारक असते.

पायरी 7: सामान आणि हवा

मोठ्यांपैकी एकाच्या पिशवीत दुरुस्तीचे सामान असावे: पंप, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंक्चरचे ठिगळ, प्रत्येक चाकाच्या मापाची एकेक जादा ट्यूब, ॲलन कीचा संच, चेन तोडायचे हत्यार आणि जोडकडी. चाकाच्या मापाचा मुद्दा विसरू नका. 29 इंची ट्यूब 20 इंची चाकात बसत नाही, आणि पंक्चर बहुधा मुलाचेच होते. दुसऱ्याच्या पिशवीत प्रथमोपचार, शिट्टी, वाटेचा छापील नकाशा आणि पूर्ण चार्ज केलेला फोन.

हवेबाबत मुलांवर फार अन्याय होतो. मोठ्यांच्या सवयीने त्यांच्या टायरमध्ये 35-40 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरली जाते, आणि हलके मूल प्रत्येक दगडावरून उडत राहते. ट्यूब असलेल्या रुंद टायरमध्ये मोठ्या माणसासाठी साधारण 25 ते 30, तर 20-25 किलोच्या मुलासाठी 12 ते 18 पीएसआय पुरतात. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधीच ओलांडू नये. ट्यूबलेस टायरमधले सीलंट (बारीक छिद्रे बुजवणारा द्रव) उष्णतेने लवकर सुकते, ते दर दोन-तीन महिन्यांनी तपासा.

गाडी उभी करताना ती वाळलेल्या गवतावर ठेवू नका, तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागू शकतो. आणि "पाचच मिनिटे" म्हणून मुलाला बंद गाडीत कधीही सोडू नका; पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान सुमारे दहा अंशांनी वाढते.

पायरी 8: निघण्यापूर्वी दहा मिनिटे

प्रत्येक सायकलीची हवा, ब्रेक आणि चेन या क्रमाने तपासणी करा. चाकांच्या ॲक्सलचे लिव्हर घट्ट आहेत का, ते हाताने दाबून बघा. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवा; हँडलपाशी खडखड झाली, तर हेडसेट, म्हणजे हँडल फिरते तो सांधा, सैल आहे. शेवटी सायकल हातभर उचलून सोडा आणि आवाज ऐका: काहीतरी सैल असेल तर ते तिथेच वाजते. हे काम मुलांनाच करू द्या. आवाज शोधायला त्यांना फार आवडते, आणि त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात.

पायरी 9: वाटेवर

पुढे एक मोठा, मागे एक मोठा आणि मधे मुले. सगळ्यात हळू जाणाऱ्याला पुढच्या मोठ्याच्या लगेच मागे ठेवा. तो मागे राहिला, तर पुढचे थांबतात, हा पोहोचला की लगेच निघतात, आणि ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. दोन सायकलींमध्ये चढावर तीन-चार आणि उतारावर किमान दहा मीटर अंतर ठेवा. प्रत्येक फाट्यावर सगळे एकत्र आल्याशिवाय कोणीही वळायचे नाही. पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना वाट द्यायची, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, आणि मागून येताना दुरूनच आवाज द्यायचा, हे नियम मुलांना तोंडपाठ असावेत.

थांबा घड्याळावर ठरवा, मुलाच्या तक्रारीवर नाही. दर 20 मिनिटांनी सावलीत थांबून सगळ्यांनी, मोठ्यांनीही, पाणी प्यायचे. चढावर मूल दमले तर ताणणारा दोर मोठ्याच्या सीटखालून मुलाच्या हँडलच्या मधोमध अडकवून ओढता येते. माथ्यावर पोहोचताच तो काढायचा, उतारावर कधीच नाही. सायकल ढकलत चढणे कमीपणाचे नाही, हे मोठ्याने स्वतः उतरून दाखवावे. आणि बरोबर आणलेल्या पाण्यापैकी एक तृतीयांश संपले, की तिथून परत फिरायचे, मग ठरलेला धबधबा कितीही जवळ असो.

पायरी 10: त्रास ओळखणे

बोलके मूल गप्प झाले, सरळ रेषेत सायकल चालवता येईना, चिडचिड वाढली, डोके दुखते किंवा मळमळते म्हणाले, तर ती उष्णतेने आलेल्या थकव्याची सुरुवात समजा. ताबडतोब सावली, हेल्मेट आणि बूट काढणे, मान आणि काखा ओल्या करून वारा घालणे, घोट घोट पाणी किंवा जलसंजीवनी. अर्ध्या तासात बरे वाटले तरी त्या दिवशीची सायकल संपली, असे समजून हळूहळू परत फिरा. बोलणे असंबद्ध झाले, मूल गोंधळले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात आहे. शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसवर गेलेले असू शकते. मदत बोलवा आणि ती येईपर्यंत थांबून न राहता जवळ असेल ते सगळे पाणी अंगावर ओतून वारा घालत राहा, ओढ्याचे थंड पाणी जवळ असेल तर डोके वर धरून त्यात बसवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

मूल पडले तर आधी सायकल बाजूला करा आणि त्याला स्वतःहून उठू द्या, ओढून उठवू नका. खरचटलेल्या जागेवरची माती भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, मग पट्टी. खांदा उचलता येत नसेल, तर गळपट्टीचे हाड (कॉलरबोन) मोडले असण्याची शक्यता धरून हात रुमालाने गळ्यात बांधा. डोके आपटल्यानंतर उलटी, सुस्ती, वाढती डोकेदुखी किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे यांपैकी काहीही दिसले, तर थेट डॉक्टरांकडे जा.

पायरी 11: घरी आल्यावर

धूळ कोरड्या फडक्याने पुसा, चेन पुसून तिच्यावर प्रत्येक कडीला एकेक थेंब तेल सोडा आणि जादा तेल टिपून घ्या, कारण उन्हाळ्यात ओल्या चेनला माती चिकटते. हेल्मेटमधली घामट पॅड काढून साबणाने धुवा. पाण्याची पिशवी आणि नळी धुवून उलटी टांगून वाळवा, नाहीतर आठवड्यात आत बुरशी धरते. मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत आणि केसांत गोचीड नाही ना, ते आंघोळीच्या वेळी पाहा. मग एका वहीत निघण्याची वेळ, त्या वेळचे तापमान, अंतर, प्रत्येकाने प्यायलेले पाणी आणि मूल कुठल्या वळणावर दमले, एवढे लिहून ठेवा. आमच्या वहीतल्या पहिल्या पानावर "साडेनऊ, चढ, गप्प" एवढेच लिहिलेले आहे, आणि पुढच्या सहलीसाठी किती वाजताचा गजर लावायचा, हे ते पान बघून माझी मुलगीच ठरवते.